बुंदेल्यांच्या गर्दीत एक गुर्जर गादी: समथर

पहूजकाठी

झाशीहून कानपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात की तासाभरात मोंठ नावाचं स्टेशन लागतं. बहुतेक जलद गाड्या तिथं थांबत नाहीत आणि थांबल्या तरी आपण उतरत नाही. तिथून आठेक मैलांवर समथर. बुंदेलखंड म्हटलं की आपल्याला ओरछा, दतिया, पन्ना आठवतात, मराठी माणसाला झाशी आठवते. समथर कुणालाच आठवत नाही, म्हणून हा धागा.

संस्थान केवढं, तर साधारण १८० चौरस मैलांचं. १९०१ च्या खानेसुमारीत लोकसंख्या ३३,४७२. आपलं फलटण याच्या दुपटीहून मोठं होतं. पण फलटणला तोफांची सलामी (इंग्रज राजांना द्यायचे तो मान, तोफा जास्त तेवढा दर्जा मोठा) नव्हती, समथरला ११ तोफा होत्या. सांगली हजार चौरस मैलांच्या वर, तिला ९. भोरला ९, सावंतवाडीला ९. आणि हे पिटुकलं संस्थान ११ तोफांचं! हे कसं काय, या एका प्रश्नापायी मी यात शिरलो.

समथर मुळात दतियाचाच तुकडा. १७३३ मध्ये दतियाचा राजा रामचंद्र वारला आणि गादीवरून भांडण लागलं. गादीवर हक्क सांगणाऱ्या इंद्रजीतनं आसपासच्या बारक्यासारक्या सरदारांना हाताशी धरलं. त्यांत दतियाच्याच चाकरीतला नौने शाह गुजर हा एक. इंद्रजीत गादीवर आला आणि उपकाराची फेड म्हणून नौने शाहचा मुलगा मदनसिंह याला ‘राजधर’ हा किताब आणि समथरच्या किल्ल्याची किल्लेदारी दिली. पुढं याच घराण्यातल्या देवीसिंहाला पाच गावांची जहागीर मिळाली. पाच गावं, बस. संस्थानाचं बीज एवढंच.

मग मराठे आले. छत्रसालानं बाजीरावाला मुलूख दिला ती कथा सगळ्यांना पाठ आहे. मला रस आहे तो नंतरच्या पन्नास-साठ वर्षांत. १७४२ मध्ये नारो शंकरांनी झाशी घेतली, जालौन-काल्पीकडे गोविंदपंत बुंदेल्यांचा अंमल बसला आणि ओरछा, दतियासारख्या जुन्या गाद्यांच्या नाड्या आवळल्या गेल्या. वरचा धनी खिळखिळा झाला की खालचा किल्लेदार डोकं वर काढणारच. देवीसिंहाचा मुलगा रणजीतसिंह या धामधुमीत स्वतंत्र झाला आणि ‘राजा’ हा किताब त्याला कुणी दिला? मराठ्यांनी. दतियाच्या जहागीरदाराला दतियाला न विचारता राजा करून टाकायचं, म्हणजे दतियाची एक बाजू आपसूक लंगडी. मराठी दरबारी राजकारणाचा हा अगदी ठरलेला डाव. पण यातून जे उभं राहिलं ते मराठ्यांपेक्षा जास्त टिकलं.

इंग्रज बुंदेलखंडात उतरले तेव्हा रणजीतसिंहानं लगेच, १८०४-०५ च्या सुमारास, आम्हाला पदरात घ्या म्हणून अर्ज केला. कंपनीनं बारा वर्षं काही केलं नाही. गव्हर्नर जनरल वेलस्ली परत गेला होता, कलकत्त्याला नव्या भानगडी नको होत्या. करार झाला तो १८१७ च्या नोव्हेंबरात. हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी जूनमध्ये पुण्याच्या तहात बाजीराव दुसरा बुंदेलखंडावरचे सगळे हक्क सोडून बसला होता आणि पेंढाऱ्यांवरच्या मोहिमेसाठी तेव्हाचा गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज स्वतः फौज घेऊन याच मुलखात आला होता. जालौन, समथर, झाशी अशा तिघांशीही इंग्रजांनी त्याच नोव्हेंबरात करार उरकले. रणजीतसिंहाकडे त्या क्षणी जेवढी जमीन होती तेवढी त्याची म्हणून कायम झाली. खंडणी नाही.

बुंदेलखंड एजन्सीत तेव्हा संस्थानं रगड होती, पण त्यांतली बहुतेक सनदेवरची. म्हणजे इंग्रजांनी कागद लिहून दिला, यांनी तो डोक्याला लावला. रीतसर तहानं बांधलेली पुढं तीनच उरली: ओरछा, दतिया आणि समथर. पन्ना, चरखारी, अजयगड ही खुद्द छत्रसालाच्या वंशातली घराणी, पण ती सनदेवर. आणि हा काल-परवाचा गुर्जर किल्लेदार मात्र दतियाच्या शेजारी, तहाच्या पंगतीला.

आता खरी मेख. १८१७ च्या त्या तीन करारांपैकी जालौन १८४० मध्ये वारस नाही म्हणून खालसा झालं. झाशी १८५३ मध्ये गंगाधरराव गेल्यावर गेली. डलहौसीचा युक्तिवाद आठवा. झाशी हे पेशव्याच्या मर्जीतून झालेलं संस्थान, पेशव्याचे हक्क आता आमच्याकडे, तेव्हा दत्तक मान्य करायचा की नाही हे आम्ही ठरवणार. जालौनचा दाखलाही त्यानं दिला. दोन्ही मराठी गाद्या गेल्या. आणि मराठ्यांनीच ज्याला राजा केलं तो गुर्जर १९४७ पर्यंत राहिला. मला तरी बुंदेलखंडाच्या इतिहासातली ही सगळ्यात वाकडी गोष्ट वाटते.

पुढच्या राजांबद्दल आणि सत्तावन्नबद्दल प्रतिसादांत लिहितो. जाणकारांनी भर घालावी.

निमूट_वाचक

वाचनखूण साठवली आहे. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

सदाशिवपेठी_बोका

लेख आवडला पण शेवटची ‘वाकडी गोष्ट’ पटली नाही. समथर टिकलं ते तहामुळं की पोरं झाली म्हणून? रणजीतसिंह १८२७ मध्ये गेला, मुलगा हिंदूपत गादीवर आला. हिंदूपतला मुलगे होते. दत्तकाचा प्रश्नच आला नाही, तर डलहौसी कशाला वाट्याला जाईल? गंगाधररावांचा मुलगा जगला असता तर झाशीही राहिली असती. उगाच तहाच्या कलमांना एवढं डोक्यावर घेऊ नका राव.

पहूजकाठी

बोकोबा, मुद्दा बिनतोड आहे पण अर्धा. दतियाकडे बघा. तिथं राजा परीक्षित १८३९ मध्ये वारला, त्याला औरस मुलगा नव्हता, विजयबहादूर हा दत्तक. इंग्रजांनी मान्य केला. शेजारच्या घरात दत्तक चालतो आणि झाशीत चालत नाही. म्हणजे पोरांशिवाय दुसरंही काही होतंच. समथरवर ती वेळ आली असती तर दतियाचा नियम लागला असता की झाशीचा, यावर वाद घालू शकतो. राजा हा किताब मराठ्यांकडून मिळालेला, म्हणजे कलकत्त्याच्या एखाद्या खवचट कारकुनाला तिथं फट सापडली असती. पण करारात जमीन ‘त्याची’ म्हणून लिहिली गेली होती.

दप्तरदार

दोघांचंही बरोबर आहे असं म्हणून मी सुटका करून घेत नाही. झाशीच्या १८१७ च्या तहातसुद्धा रामचंद्रराव आणि त्याचे वारस यांना वंशपरंपरा हक्क लिहिलेला होताच. राणीच्या खलित्यांचा सगळा भर त्यावरच होता. तेव्हा कागद भक्कम होता म्हणून समथर वाचलं असं नाही. कागद वाचणारा कोण आणि कधी वाचतोय त्यावर असतं. १८३९ मध्ये दतियाला दत्तक मिळाला तेव्हा डलहौसी हिंदुस्थानात यायला नऊ वर्षं होती.

बाकी १८१७ च्या नोव्हेंबरबद्दल एक गोष्ट राहिली. हेस्टिंग्जची फौज या भागात होती म्हणालात, ती कशा अवस्थेत होती? बंगालातून निघालेली पटकीची (कॉलऱ्याची) साथ नेमकी तेव्हाच छावणीत शिरली. पहूज नदीच्या आसपासच्या मुक्कामात माणसं पटापट मरायला लागली. शिपाई, त्याहून जास्त बाजारबुणगे. गाड्या कमी पडल्या, आजारी माणसं वाटेवर टाकून पुढं जायची पाळी आली. शेवटी छावणी उठवून बेतवाकाठी एरचला नेली, तिथं मोकळ्या वाळूच्या जागेत साथ ओसरली. आपण मेलो तर गाजावाजा न करता तंबूतच पुरा, शत्रूला कळू देऊ नका, असं हेस्टिंग्जनं सांगून ठेवलं होतं म्हणतात. एरच ते समथर अंतर नकाशावर बघा. आपल्या राजेसाहेबांनी ज्यांच्या छत्राखाली जायचं ठरवलं ते छत्रवाले तेव्हा शेजारच्या रानात पटकीनं तडफडत होते.

रानवारा

बापरे. हे पटकीचं माहीत नव्हतं.

कऱ्हाडकर_आबा

भाबडा प्रश्न विचारतो, हसू नका. हे गुर्जर म्हणजे आपले प्रतापराव गुजर त्यांच्यापैकी का? आमच्याकडं गुजर आडनाव भरपूर आहे.

दप्तरदार

आबा, हसायचं काय त्यात, हा प्रश्न येणारच होता. प्रतापराव म्हणजे मूळचे कुडतोजी गुजर, खटाव भागातल्या भोसऱ्याचे, २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीला पडले. ते मराठा घराणं. समथरचे राजे उत्तरेकडच्या गुर्जर समाजातले, खटाणा गोत्राचे म्हणून ओळखले जातात. दोघांचं नातं दाखवणारं काही नाही. आडनावावरून सोयरिक जुळवायला गेलं तर निम्मा महाराष्ट्र पवार म्हणून धारला जाऊन बसेल.

खानदेशी_बोरू

आबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या खानदेशात आहे. शहादा, नंदुरबार, जळगाव या पट्ट्यात गुजर समाज मोठा. रेवे गुजर, दोडे गुजर. बहुतेक पाटील आडनाव लावतात, घरात गुजरी बोलतात. तापीकाठची केळी आणि ऊस यांच्याच जिवावर. आमचे एक नात्यातले आजोबा समथरच्या राजाचं नाव मोठ्या अभिमानानं घ्यायचे, “आपला बी राजा व्हता” म्हणून. त्यांनी आयुष्यात बुंदेलखंड पाहिला नव्हता. समाजाच्या स्मरणिकांतून, अधिवेशनांतून ही माहिती खाली झिरपते. मोठ्या गुर्जर गाद्या शोधायला गेलं तर हाताशी फार काही लागत नाही, म्हणून समथरचं अप्रूप.

आडवाटेचा_प्रवासी

समथर सोडून गुर्जरांची दुसरी संस्थानं नव्हतीच का? लंढौरा, परीक्षितगड ही नावं ऐकली आहेत.

पहूजकाठी

होती, पण ती संस्थानं म्हणून उरली नाहीत आणि याचं कारण भूगोल. गंगा-यमुनेच्या दुआबात, सहारनपूर-मेरठ पट्ट्यात, अठराव्या शतकाच्या शेवटी गुर्जर सरदारांनी प्रचंड मुलूख बळकावला होता. लंढौऱ्याचा रामदयालसिंह, परीक्षितगडचा नैनसिंह. या दोघांच्या ताब्यातली गावं शेकड्यांनी मोजावी लागतील. समथरच्या पाच गावांपुढं हे डोंगर. पण तो मुलूख १८०३ नंतर सरळ कंपनीच्या जिल्ह्यांत गेला. यांना राजा म्हणून मान्यता नाही, ठराविक सारा भरणारे मुकररीदार म्हणून हयातीपुरतं ठेवलं. रामदयाल १८१३ मध्ये गेला, नैनसिंह १८१८ मध्ये. ते गेले की गावं सोडवून वेगवेगळ्या लोकांशी बंदोबस्त.

त्याचा राग १८२४ मध्ये कुंजाला बाहेर पडला. लंढौऱ्याच्याच भाऊबंदांतला विजयसिंह किल्ल्यात बसला. देहरादूनहून गुरख्यांची पलटण आली, तोफ नव्हती, तेव्हा झाडाचा ओंडका तोडून त्याचीच धडक देऊन दार फोडलं. त्या पलटणीनं पुढं एडक्याचं डोकं आपल्या पट्ट्यावर चिन्ह म्हणून मिरवलं, ते या धडकेची आठवण म्हणून. विजयसिंह मारला गेला. दादरीच्या उमरावसिंहाचं १८५७ मध्ये असंच झालं.

आणि समथर? १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूला. म्हणून तर उरलं.

सदाशिवपेठी_बोका

आता आलात मूळ मुद्द्यावर. म्हणजे राणी एकटी लढत होती आणि हे ओरछा, दतिया, समथर सगळे कुंपणावरसुद्धा नाही, सरळ पलीकडं. अशा संस्थानाचं कौतुक कशाला करायचं?

पहूजकाठी

कौतुक कुठं केलं मी? टिकलं म्हणालो. टिकणं आणि चांगलं असणं याचा संबंध लावायचा असेल तर सगळ्याच संस्थानांचा इतिहास बंद करावा लागेल, आपल्या दक्षिण महाराष्ट्रातल्या पटवर्धनांसकट.

राणी ४ एप्रिल १८५८ च्या रात्री झाशीतून निघाली ती भांडेरकडे, तिथून कोंच, काल्पी. नकाशावर भांडेर, समथर, कोंच ही एकाच तिरक्या रेषेवर पडतात. ती ज्या मुलखातून घोडा दामटत गेली तो या ना त्या इंग्रज-दोस्ताचा मुलूख होता.

आणि लढाई समथरच्या दारातही आलीच. इंग्रज सेनापती ह्यू रोझची फौज झाशीहून कोंचकडे निघाली तेव्हा वाटेत पूंछजवळ लोहारीची गढी बंडवाल्यांनी धरली होती. २ मे १८५८ रोजी मेजर गॉलनं हल्ला केला. आतले लोक माघार न घेता मेले. तिथं तिसऱ्या मुंबई युरोपियन पलटणीचा एक आयरिश शिपाई, फ्रेडरिक व्हर्लपूल, दारातून आत घुसला, सतरा जखमा झाल्या, तरी जगला. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गंमत म्हणजे तोवर तो ऑस्ट्रेलियात पोचला होता. १८६१ मध्ये मेलबर्नला त्याच्या छातीवर ते पदक लावलं, ऑस्ट्रेलियात दिलं गेलेलं पहिलं. त्या गढीत मेलेल्यांची नावं मात्र कुठंच नाहीत.

मृद्गंध

मी बुंदेलखंडात पाणलोटाच्या कामावर होते, त्यामुळं राजांबद्दल काही सांगू शकत नाही पण जमिनीबद्दल सांगते. बुंदेलखंड म्हटलं की लोकांना खडक आणि टेकड्या दिसतात. समथर तसं नाही. बेतवा आणि पहूज यांच्यामधलं सपाट मैदान. तिथले शेतकरी जमिनीचे चार प्रकार सांगतात: मार, काबर, पडुवा, राकड. मार ही काळी, ओलावा धरणारी, गव्हा-हरभऱ्याची. काबर तिचीच भावंड, पण वाळली की दगडासारखी, ओली झाली की नांगर सोडत नाही, वाफसा जेमतेम चार-सहा दिवस. पडुवा हलकी, राकड म्हणजे मुरमाड.

या माराच्या जमिनीचा शत्रू म्हणजे काँस गवत. शरदात पांढरे तुरे डोलतात ते दिसायला झकास, पण मुळं इतकी खोल की बैलांचा नांगर हात टेकतो. दोन-तीन वर्षं पेरणी चुकली, दुष्काळात बैल मेले, की काँस शिरलंच. मग ती जमीन दहा-बारा वर्षं हातची जाते. इंग्रजी अमलात झाशी जिल्ह्यात सारावसुलीचे हाल झाले त्याचं एक मोठं कारण हे गवत. संस्थानाचा वसूल असल्या जमिनीवर उभा, हे धरून चला. १८८० च्या दशकात पारीछाचा बंधारा होऊन बेतवा कालवा निघाला, तेव्हा या भागाला थोडा दम मिळाला.

दप्तरदार

मृद्गंधताई, फार छान. धाग्यात पहिल्यांदाच कुणी रयतेबद्दल बोललं.

निमूट_वाचक

पुढच्या राजांचं राहिलं की पहूजकाठी.

पहूजकाठी

लिहितो. हिंदूपत १८२७ मध्ये बसला. पुढं त्याचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, कारभार राणीच्या हाती गेला. थोरला मुलगा छत्रसिंह याला ते खपेना. १८६४ मध्ये त्यानं हक्क सांगितला आणि इंग्रजांनी मान्य केला. मग घराची वाटणी झाल्यासारखं झालं. म्हातारा राजा, राणी आणि धाकटा मुलगा अर्जुनसिंह यांना अमरगडचा परगणा पोटापाण्याला तोडून दिला, बाकी राज्य छत्रसिंहाकडं. बाप जिवंत, आई धाकट्याच्या बाजूला आणि थोरला गादीवर. १८० चौरस मैलांत दोन दरबार! या घरात सणासुदीला कोण कुणाच्या पाया पडत असेल, देव जाणे.

छत्रसिंह मात्र कारभाराला चांगला म्हणून नावाजला गेला. १८६२ च्या सनदेनं दत्तकाचा हक्क घराण्याला आधीच मिळालेला होता (बोकोबा, बघा, झाशीचा प्रश्न मिटला तो इथं, सत्तावन्नच्या इमानाचं बक्षीस म्हणून, आणि सगळ्यांनाच). १८७७ मध्ये त्याला व्यक्तिशः ‘महाराजा’ हा किताब मिळाला. १८९६ मध्ये मुलगा वीरसिंह देव आला, तो १९३५ पर्यंत. त्याच्या काळाबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. शेवटचे राधाचरणसिंह.

आडवाटेचा_प्रवासी

विलिनीकरण कुठं झालं? समथर आता उत्तर प्रदेशात आणि दतिया मध्य प्रदेशात, हे कसं?

पहूजकाठी

१९४८ मध्ये दोन्ही विंध्य प्रदेशात गेली, एकूण ३५ संस्थानांचं कडबोळं ते. पण समथरला झाशी आणि जालौन जिल्ह्यांचा वेढा. विंध्य प्रदेशचा हा तुकडा दुसऱ्या राज्याच्या पोटात सांभाळायचा कसा? जानेवारी १९५० मध्ये असे अडकलेले तुकडे शेजाऱ्यांना देऊन टाकले, समथर उत्तर प्रदेशला मिळालं, झाशी जिल्ह्यात मोंठ तहसिलीत. दतिया विंध्य प्रदेशात राहिलं आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशात गेलं. म्हणजे ज्या दतियाचा हा तुकडा होता त्याच्यापासून आता राज्याच्या सीमेनंही वेगळा झाला. गादी गेली तरी घराणं राजकारणात राहिलं. रणजीतसिंह जूदेव हे त्याच भागातून काँग्रेसचे आमदार झाले.

सदाशिवपेठी_बोका

११ तोफांचं उत्तर अजून दिलं नाहीत. सांगलीला ९ का?

दप्तरदार

मी देतो. सांगली, मिरज, जमखंडी, फलटण, औंध हे सगळे कुणाचे तरी सरदार-जहागीरदार म्हणून इंग्रजांच्या हाती आले, काही पेशव्यांचे, काही साताऱ्याचे. धनी बुडाला, चाकर नव्या धन्याकडं लागला, असा तो हिशोब. त्यांच्यात तोफा मिळालेलेच थोडे. समथर तहावर बरोबरीनं आलेलं, निदान कागदोपत्री. सलामीच्या तक्त्यात चौरस मैलांपेक्षा हा दर्जा जास्त बोलतो.

सदाशिवपेठी_बोका

म्हणजे वेळेत मालक बदलला त्याला ११ आणि शेवटपर्यंत पेशव्यांचं मीठ जागला त्याला ९.

दप्तरदार

सांगलीकर शेवटपर्यंत मीठ जागले की नाही यावर वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

रानवारा

किल्ला बघता येतो का? डिसेंबरात ओरछ्याला जातोय, एक दिवस हाताशी आहे.

पहूजकाठी

भुईकोट आहे, एकात एक तटबंद्या आणि भोवती खंदक. सपाटीवर असल्यानं लांबून दिसतो. राजघराण्याकडं आहे, तेव्हा आत सोडतील याची खात्री धरू नका, आधी परवानगी काढा. बाहेरून प्रदक्षिणा मात्र जरूर घाला. झाशीहून गाडी करून गेलात तर मोंठमार्गे जाऊन भांडेरवरून परत या, म्हणजे राणीची वाटही होईल. भांडेरला पहूज ओलांडता येते.

रानवारा

धन्यवाद. फोटो इथंच डकवतो.